स्पर्धा आयोगाकडे माहिती देताना आपली ओळख कशी जपावी

मुंबईतल्या घाऊक पेठा बाहेरून अवाढव्य दिसत असल्या तरी आतून फार लहान असतात. प्रिन्सेस स्ट्रीटचा दवाबाजार असो, मंगलदास मार्केट असो की मस्जिद बंदरचा किराणा-मसाल्याचा बाजार असो, कोण कोणाकडे कामाला आहे, कोणाचे कोणाकडे पैसे अडकले आहेत आणि कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते. अशा पेठेत चार मोठ्या विक्रेत्यांनी एकत्र बसून भाव बांधून घेतला, किंवा संघटनेचे ना-हरकत पत्र आणल्याशिवाय नव्या विक्रेत्याला माल द्यायचा नाही असे ठरवले, तर ते स्पर्धा आयोगाला, म्हणजे अशा संगनमताची चौकशी करून दंड ठोठावणाऱ्या सरकारी आयोगाला, कळवू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न दंड किती होईल हा नसतो. आपले नाव बाहेर फुटेल का, हाच त्याचा प्रश्न असतो आणि तो अगदी रास्त आहे, कारण ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याकडूनच उद्याचा माल आणि महिन्याची उधारी मिळणार असते.

या प्रश्नाचे कायद्यात उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी भक्कमही आहे. मात्र आयोगाला द्यायच्या माहितीपत्रांचे, म्हणजे लेखी अर्जांचे, मसुदे वाचताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. अर्जावरचे नाव झाकणे सगळ्यात सोपे असते. माणूस ओळखला जातो तो मजकुरावरून आणि जोडलेल्या कागदांवरून. म्हणून पुढील मार्गदर्शनात कायद्यापेक्षा लिहिण्याच्या आणि पुरावे हाताळण्याच्या पद्धतीला मी अधिक जागा दिली आहे.

आधी योग्य दार ओळखावे

धंद्यातली प्रत्येक लबाडी स्पर्धा आयोगाच्या कक्षेत येत नाही. शेजारच्या दुकानदाराने आपल्या नावाची किंवा वेष्टनाची नक्कल केली तर तो व्यापारचिन्हाचा दावा होतो, आणि जाहिरातीत खोटे दावे केले असतील तर ग्राहक संरक्षण कायद्याकडे जावे लागते. स्पर्धा कायदा, २००२ मुख्यतः दोन गोष्टींसाठी आहे: कलम ३ खाली येणारे करार, म्हणजे संगनमताने भाव ठरवणे, पुरवठा रोखणे, बाजार वाटून घेणे किंवा निविदा आपसांत जुळवून भरणे, आणि कलम ४ खाली येणारा प्रभुत्वाचा, म्हणजे बाजारातल्या वरचढ स्थानाचा, गैरवापर. महापालिकेच्या निविदेत ठेकेदारांनी आपसांत ठरवून दर भरले असतील तर ते प्रकरण आयोगाचे आहे. त्यात अधिकाऱ्याने लाच घेतली असेल तर तेवढा भाग लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा आहे, ज्याचा महाराष्ट्रातील टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबू नयेत, कारण जितक्या टेबलांवरून कागद फिरतो तितके डोळे त्यावरून फिरतात.

माहिती देणाऱ्याचे स्वतःचे नुकसान झालेले असले पाहिजे, हा समज चुकीचा आहे. कलम १९ मध्ये "कोणतीही व्यक्ती" असे शब्द आहेत, आणि ओला-उबर प्रकरणात १५ डिसेंबर २०२० रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ व्यापकच लावला. माहितीदाराची ओळख गोपनीय ठेवण्याची नियमातील तरतूद त्या व्यापक अर्थाशी सुसंगत असल्याचेही न्यायालयाने नमूद केले. हा मुद्दा ओळख जपण्याच्या दृष्टीने फार उपयोगाचा आहे: आपले किती नुकसान झाले याचा पाढा अर्जात वाचण्याची सक्ती नसेल, तर आपली ओळख पटवणारी निम्मी माहिती मुळातच लिहावी लागत नाही.

कायदा नेमके काय देतो

संरक्षणाचे दोन वेगळे आधार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. कायद्याचे कलम ५७ उद्योगांविषयी आयोगाला मिळालेली माहिती, कायद्याच्या अंमलबजावणीचे प्रयोजन सोडून, संबंधित उद्योगाच्या लेखी परवानगीशिवाय उघड करण्यास मनाई करते. माहितीदाराची ओळख जपण्याची हमी मात्र आयोगाच्या २००९ च्या सर्वसाधारण विनियमांतील विनियम ३५ मधून मिळते. त्यानुसार माहितीदाराने लेखी विनंती केली की आयोगाने त्याची ओळख गोपनीय ठेवायची असते. कायद्याच्या प्रयोजनासाठी ती उघड करणे आवश्यक वाटले, तरी आयोगाला आधी माहितीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. यातील "लेखी विनंती" हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत. फोनवर सांगितलेले किंवा गृहीत धरलेले इथे चालत नाही. विनंती माहितीपत्रासोबतच, पहिल्याच दिवशी गेली पाहिजे.

ही तरतूद कागदावरच राहिलेली नाही. गुगलच्या प्ले स्टोअरमधील देयक पद्धतीविरुद्ध २०२० मध्ये ज्याने पहिली माहिती दिली, त्याचा उल्लेख आयोगाच्या आदेशाच्या शीर्षकात केवळ "एक्स वाय झेड" असा आहे. ९ नोव्हेंबर २०२० रोजी चौकशीचा आदेश झाला, २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ९३६ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला, आणि तोवर जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक समोर उभी असतानाही शीर्षकातली ती तीन अक्षरे तशीच राहिली.

निनावी पत्र पाठवणे हा मात्र याला पर्याय नाही. माहितीपत्रावर पूर्ण नाव, पत्ता आणि सही लागते. ओळख आयोगाला द्यायची असते आणि ती जगापासून झाकण्याची विनंती करायची असते. निनावी पत्रावरून आयोग स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये, कारण असे पत्र पाठवणाऱ्याला शंका विचारायला किंवा अधिक कागद मागायला कोणी सापडत नाही.

आणखी एक वाट पुष्कळांना सुचत नाही: संघटनेच्या नावाने जाणे. मुंबईत मुख्यालय असलेल्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने सिमेंट कंपन्यांविरुद्ध आयोगाकडे माहिती दिली आणि २० जून २०१२ रोजी आयोगाने ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला; प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेले, पण माहिती देणारा म्हणून कोणा एका बांधकाम व्यावसायिकाला पुढे यावे लागले नाही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांतील संगनमताविरुद्ध नागरिक चेतना मंच या संस्थेने माहिती दिली होती, आणि २०१८ मध्ये आयोगाने त्यात संगनमत झाल्याचा निष्कर्ष काढला. आपल्या व्यवसायाची विश्वासू संघटना असेल, आणि ती स्वतःच त्या संगनमताचा अड्डा नसेल, तर हा आडोसा व्यक्तिगत गोपनीयतेपेक्षाही दाट असतो.

मजकूर लिहिताना

समजा, दवाबाजारातल्या एका स्टॉकिस्टकडे हिशोब पाहणाऱ्या माणसाने असे लिहिले: "दिनांक अमुक रोजी संध्याकाळी सहा वाजता संघटनेच्या कार्यालयात झालेल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले की, अमुक कंपनीचा माल कोणी उचलू नये." वाक्य नेमके आहे आणि वकिलाला आवडेल असे आहे, परंतु त्या खोलीत सहाच माणसे होती आणि त्यांतली पाच जणे अध्यक्षांच्या बाजूची होती. माहितीपत्राच्या दोन प्रती होतात: सगळा मजकूर असलेली गोपनीय प्रत आणि गोपनीय भाग गाळलेली सार्वजनिक प्रत. हे वाक्य असलेली सार्वजनिक प्रत प्रतिपक्षाच्या हाती पडली की नाव वाचण्याची गरजच उरत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्यासमोर समासात एक आकडा लिहावा: ही गोष्ट माझ्याखेरीज किती जणांना ठाऊक आहे? आकडा तीन-चार असेल तर ते वाक्य गोपनीय प्रतीत जावे आणि सार्वजनिक प्रतीत त्याचे व्यापक रूप यावे, उदाहरणार्थ "त्या महिन्यात संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी सदस्यांना अमुक कंपनीचा माल न उचलण्यास सांगितले." आकडा पन्नास असेल, म्हणजे बाजारात सगळ्यांना गेलेले परिपत्रक असेल, तर ते बिनधास्त द्यावे. कामाचा बहुतेक वेळ याच चाळणीवर घालवावा, असे माझे ठाम मत आहे. वकिलाने मसुदा केला तरी ही चाळणी स्वतःच लावावी, कारण त्या खोलीत कोण कोण होते हे वकिलाला माहीत नसते.

ओळख फोडणाऱ्या काही गोष्टी अगदी साध्या असतात. आपल्या बोलण्यात नेहमी येणारा एखादा शब्द, एखाद्या कंपनीच्या नावाचे आपण नेहमी करतो ते चुकीचे स्पेलिंग, "गेल्या दिवाळीपासून माझा पुरवठा थांबला" यासारखी तारीख, जी त्या पेठेत एकाच दुकानाला लागू पडते. पक्षकारांमध्ये इतर न्यायालयांत चालू असलेल्या वादांचा तपशीलही माहितीपत्रात द्यावा लागतो. तो दडवू नये, कारण खोटी किंवा अपुरी माहिती देणाऱ्यावर कारवाईची तरतूद कायद्यातच आहे. मात्र तो परिच्छेद गोपनीय प्रतीतच ठेवण्याची विनंती स्वतंत्रपणे आणि कारणासह करावी.

पुरावे जमवताना

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट हा आज सर्वांत सहज मिळणारा आणि सर्वांत जास्त बोलका पुरावा आहे, आणि तो पाठवणाऱ्याविषयीही तितकाच बोलका असतो. एखादा स्क्रीनशॉट समोर धरून नीट पाहावा. वर घड्याळ आणि बॅटरीची टक्केवारी दिसते. पार्श्वभूमीला आपण लावलेले चित्र असते. समोरच्याचे नाव आपण ज्या पद्धतीने साठवले आहे, म्हणजे "शेठ ऑफिस" किंवा "पप्पूभाई नवीन नंबर", तसेच दिसते. आणि उजवीकडच्या हिरव्या चौकटीतले संदेश आपलेच असतात. गटात ऐंशी जण असले तरी "पप्पूभाई नवीन नंबर" असे साठवणारा एकच असतो. असा स्क्रीनशॉट सार्वजनिक प्रतीत जोडू नये. तिथे संभाषणाचा गोषवारा द्यावा आणि मूळ चित्र गोपनीय प्रतीत ठेवावे. पीडीएफ किंवा वर्ड फाइलच्या गुणधर्मांत ती तयार करणाऱ्याचे नाव, पुष्कळदा संगणकाचे नावसुद्धा, साठलेले असते, म्हणून सार्वजनिक प्रत छापून पुन्हा स्कॅन करणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

मूळ फोन आणि मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंकी ठसा, नोंदवायचे असते. हे प्रमाणपत्र ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याच्या सहीने जाते, त्यामुळे तेही गोपनीय प्रतीतच राहिले पाहिजे. घाईत ते सार्वजनिक प्रतीला जोडले गेले तर आधीची सगळी काळजी वाया जाते.

कार्यालयाचा लॅपटॉप, कार्यालयाचा ईमेल आणि कार्यालयाचा प्रिंटर या तिन्हींना या कामात हात लावू नये, कारण आज प्रिंटरही नोंद ठेवतो. आपल्या कामाच्या ओघात जे कागद हाताखालून जातात तेवढ्यांचीच माहिती द्यावी. दुसऱ्याच्या कपाटातून किंवा पासवर्ड मिळवून कागद काढू नयेत. आयोगासाठी चौकशी करणाऱ्या महासंचालकांना साक्षीदारांना बोलावण्याचे, दस्तऐवज मागवण्याचे आणि न्यायालयाच्या परवानगीने झडती घेण्याचे अधिकार आहेत. कोणता कागद कुठे आहे हे सांगणे हे आपले काम; तो बाहेर काढणे त्यांचे.

दोन प्रती, एक विनंती

माहितीपत्राच्या दोन प्रती तयार कराव्यात. गोपनीय प्रतीत सगळे असते. तिच्या पहिल्या पानावर प्रकाशनास मनाई मागितली असल्याची नोंद आणि प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूस "गोपनीय" हा शब्द लाल शाईत ठळक असावा. सार्वजनिक प्रत ही तिचीच तंतोतंत नक्कल असते, फक्त गोपनीय भाग गाळलेला असतो, आणि कुठे गाळले आहे हे स्पष्ट दिसावे लागते. म्हणून परिच्छेदांचे आणि पानांचे क्रमांक दोन्हींत जुळले पाहिजेत. गाळलेल्या जागी मोकळी चौकट ठेवावी, मजकूर वर सरकवू नये.

ओळखीची गोपनीयता आणि व्यापारी माहितीची गोपनीयता या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. आपले खरेदीदर, ग्राहकांची यादी किंवा मार्जिन अर्जात आले असेल, तर त्यासाठी दाखवावे लागते की ते उघड झाल्यास व्यापारी गुपित फुटेल, माहितीचे व्यापारी मोल घटेल किंवा गंभीर हानी होईल. ८ एप्रिल २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे पक्षकाराने स्वतःच प्रमाणित करायचे असते: ही माहिती सार्वजनिक नाही, मोजक्या लोकांनाच ठाऊक आहे, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी आम्ही पुरेशी काळजी घेतली आहे. गोपनीयता किती काळ हवी याची तारीखही द्यावी. सरसकट पूर्ण अर्जच गोपनीय म्हणून मागण्याचा मोह टाळावा. असा दावा टिकत नाही आणि जो भाग खरोखर झाकायला हवा त्याचे वजन त्यामुळे घटते.

ओळखीच्या विनंतीत भीती मोघम लिहू नये. "मला धोका आहे" याऐवजी "माझ्या एकूण खरेदीचा मोठा भाग प्रतिपक्षाकडून उधारीवर येतो आणि अमुक प्रसंगी संघटनेने तक्रार करणाऱ्याचा पुरवठा बंद केला होता" असे लिहिले की आयोगापुढे ठोस कारण राहते. व्यक्ती, सहकारी संस्था, विश्वस्त संस्था आणि ग्राहक संघटना यांच्यासाठी माहितीपत्राचे शुल्क ५,००० रुपये आहे. कंपन्यांसाठी ते उलाढालीनुसार वाढते. हे शुल्क मालकाच्या किंवा फर्मच्या खात्यातून भरू नये, कारण बँकेच्या विवरणपत्रातली ती एक ओळ हिशोब तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने माहिती देण्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली आहे; विलंब माफ होऊ शकतो, पण उशीर का झाला याचे कारण लिहिताना पुन्हा ओळख उघडी पडण्याचा धोका असतो.

चौकशीत काय होते

प्रथमदर्शनी प्रकरण दिसले तर आयोग कलम २६(१) खाली महासंचालकांना चौकशी सोपवतो. इथून एक फरक नीट समजून घ्यावा: माहितीदार असणे वेगळे आणि साक्षीदार असणे वेगळे. माहितीदाराची ओळख झाकता येते, परंतु ज्याच्या जबाबावर आयोग विसंबणार आहे त्याची उलटतपासणी मागण्याची संधी प्रतिपक्षाला असू शकते, आणि उलटतपासणी पडद्याआडून होत नाही. म्हणून प्रकरण आपल्या शब्दावर उभे राहू नये, कागदांवर उभे राहावे, अशीच मांडणी करावी. एकाच चुकीसह भरलेल्या तीन निविदा, एकाच बँक शाखेतून एकाच दिवशी निघालेले धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), एकाच तारखेची तीच दरवाढ, हे पुरावे कोणाच्याही जबाबाशिवाय बोलतात.

गोपनीय व्यापारी माहिती प्रतिपक्षाला दाखवणे गरजेचे झाले, तर आयोग २०२२ च्या दुरुस्तीनुसार गोपनीयता वर्तुळ नेमू शकतो, ज्यात पक्षकारांचे ठरावीक प्रतिनिधीच हमीपत्र देऊन ती पाहतात. वर्तुळ बसणार असे कळताच आपल्या कोणत्या पानांवरून ओळख फुटते याची यादी लेखी द्यावी. आपण दिल्याशिवाय ती कोणी करणार नाही. आपण या काळात माहितीच्या अधिकारालाही घाबरू नये: त्या कायद्याचे कलम ८(१)(छ) कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड होईल अशी माहिती नाकारण्याची मुभा देते. दिलेली माहिती नंतर मागे घेऊन प्रकरण थांबवता येईल असे मात्र समजू नये. ती एकदा आयोगाकडे गेली की वाद दोन दुकानांचा राहत नाही.

स्वतःच संगनमतात असाल तर

ज्याने स्वतः त्या बैठकांत बसून भाव ठरवले त्याची वाट वेगळी आहे. कलम ४६ आणि २०२४ चे दंडसवलत विनियम यांखाली पहिल्याने येऊन पूर्ण आणि खरी माहिती दिली तर दंडात १०० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतरच्यांना कमी. अर्जदाराची ओळख आणि त्याने दिलेली माहिती गोपनीय राहते. कायद्याने उघड करणे भाग पडले, अर्जदाराने लेखी संमती दिली किंवा त्याने स्वतःच ती जाहीर केली, तरच अपवाद. शेवटचा अपवाद सर्वांत जास्त लोकांना महागात पडू शकतो. अर्ज केल्यावर भागीदाराशी, मेहुण्याशी किंवा चहाच्या टपरीवर त्याबद्दल बोलणे म्हणजे स्वतःच्या हाताने पडदा उचलणे. रांगेतला पहिला क्रमांक तासांच्या फरकानेही हुकू शकतो, म्हणून या वाटेने जाताना वकील आधी गाठावा.

नोकरदारांसाठी

इथे खरे बोलणे भाग आहे. खासगी नोकराला सूडापासून वाचवणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा कायदा संसदेने केला खरा, पण तो अमलात आलेला नाही, आणि त्याचा रोखही सार्वजनिक सेवकांच्या गैरव्यवहाराकडे आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली दक्षता यंत्रणा ठेवावी लागते आणि लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाण्याची सोय द्यावी लागते. पण ज्या कंपनीचे वरिष्ठच संगनमतात आहेत तिथे आधी या यंत्रणेकडे गेल्यास ओळख आतूनच फुटू शकते. अशा वेळी आयोग आधी, कंपनी नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. नियुक्तीपत्र, मागील मूल्यमापने आणि पगारवाढीची पत्रे माहिती देण्याआधीच घरी नीट लावून ठेवावीत, म्हणजे पुढे अचानक "कामगिरी असमाधानकारक" ठरली तर तारखांचा क्रम दाखवता येईल.

आदेश आल्यावर

आदेश संकेतस्थळावर येतो त्या दिवशी तो ओळीओळीने वाचावा. शीर्षकात नाव झाकलेले असूनही आतल्या एखाद्या परिच्छेदात पेठेचे नाव, दुकानाचा प्रकार आणि पुरवठा थांबल्याची तारीख एकत्र आली असेल, तर त्याच दिवशी आयोगाच्या सचिवांकडे परिच्छेद क्रमांकासह दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. प्रतिपक्ष तिथे गेला की नवी फाइल उघडते, आणि आयोगापुढे केलेली विनंती त्या फाइलमध्ये आपोआप येईल असे धरून चालू नये. आपल्या वकिलाला पहिल्याच तारखेला पक्षकारांच्या यादीतून, शपथपत्रांतून आणि जोडपत्रांतून नाव झाकण्याचा वेगळा अर्ज करायला सांगावे, आणि तो अर्ज मंजूर झाल्याची प्रमाणित प्रत हाती येईपर्यंत स्वतः न्यायाधिकरणात हजर राहू नये.